हाल्डेन यांची मोजदाद

स्टॅफर्डशायरमधल्या एका कोळसाखाणीत एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन उतरला. सरपटत सरपटत दोघे अशा एका जागी पोचले, जिथे उभं राहता येईल इतकं छत उंच होतं. बापाने सांगितलं, ताठ उभा राहा आणि ‘ज्युलियस सीझर’मधलं अँटनीचं भाषण म्हण. मुलाने सुरुवात केली. थोडं म्हणून होतंय न होतंय तोच त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडल्यावर मात्र श्वास पुन्हा नीट चालू झाला. खाणीत साठणारा मिथेन हवेपेक्षा हलका असतो. तो छताशी जमतो, आणि जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरते. हे त्या पोराला वहीत उतरवून घ्यावं लागलं नाही.

आज कोणी असं केलं तर बापावर गुन्हा दाखल होईल, आणि तो व्हायलाही हवा. पण हा बाप काही उडाणटप्पू नव्हता. जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नावाजलेले अभ्यासक. खाणीतल्या विषारी वायूची वर्दी मिळावी म्हणून पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी सोबत न्यायची शिफारस त्यांचीच. वायू कसला आहे ते पाहायला ते स्वतः तो हुंगत. मुलावर जे केलं ते आधी स्वतःवर करून झालेलं होतं. मुलगा म्हणजे जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन, घरच्यांचा जॅक. जन्म 5 नोव्हेंबर 1892, ऑक्सफर्ड. पुढे जगाने त्यांना जे. बी. एस. हाल्डेन म्हणून ओळखलं. ते मरण पावले तेव्हा भारताचे नागरिक होते.

हाल्डेन यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या किश्शांवर भाळतात. किस्से आहेतही तसेच. पण इतकी वर्षं त्यांचं लेखन वाचताना मला एकाच गोष्टीचं कोडं पडलेलं आहे. हा माणूस स्वतःच्या शरीराला कधी कचरला नाही. कुतूहलापोटी त्याने काय काय गिळलं, काय काय सोसलं. मग स्वतःच्या एका श्रद्धेला हात लावायची वेळ आली तेव्हाच त्याचा हात का आखडला?

आधी कुतूहलाबद्दल. हाल्डेन यांच्याकडे विज्ञानाची पदवी कधीच नव्हती. ऑक्सफर्डमध्ये ते गणित शिकले, मग ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान. तरी पुढे केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. चार्ल्स डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलची आनुवंशिकता यांची गणिती सांगड घालणाऱ्या तिघांत रोनाल्ड फिशर आणि सीवल राइट यांच्या बरोबरीने त्यांचं नाव घेतात. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातीत पहिल्याच ओळीला ज्याचा अर्ज बाद झाला असता, असा हा माणूस.

रक्तातली आम्लता वाढली की शरीर काय करतं, हे त्यांना 1920 च्या दशकात पाहायचं होतं. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात मिसळून पिऊन पाहिलं. पण जितकं हवं तितकं पिण्याआधीच घसा आणि पोट नको म्हणतं. मग त्यांनी युक्ती काढली. अमोनियम क्लोराइड प्यायचं. शरीर त्यातल्या अमोनियाचा युरिया करून टाकतं आणि आम्ल मागे उरतं, म्हणजे ते घशाखाली न उतरवताच रक्तात पोचतं. त्यानंतर ते कित्येक दिवस धापा टाकत होते. लहान मुलांना रक्तातली आम्लता घटल्यामुळे एका प्रकारचे झटके येतात. त्यांच्या उपचाराला या खटाटोपाचा पुढे उपयोग झाला. प्रयोग स्वतःवरच का, याचं त्यांचं उत्तर सरळ होतं. सशाला डोकं दुखतंय का असं विचारता येत नाही, आणि विचारलं तरी तो सांगणार नाही.

1 जून 1939 ला ‘थेटिस’ नावाची ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. आतल्यांपैकी 99 जण मेले, चार वाचले. मेलेल्यांत जहाजबांधणीतले कामगार पुष्कळ होते, म्हणून कामगार संघटनांनी हाल्डेन यांना चौकशीत आपली बाजू पाहायला सांगितलं. ते स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले चार गडी घेऊन पोलादी कोठीत बसले आणि कार्बन डायऑक्साइड साचत गेल्यावर माणसाचं डोकं कसं चालेनासं होतं ते टिपत राहिले. पुढे महायुद्धात नौदलासाठी हेच काम वाढलं. दाबाखाली ऑक्सिजन घेताना त्यांना झटका आला आणि पाठीचे मणके दुखावले. ते दुखणं आयुष्यभर पुरलं. कानाच्या पडद्याला भोक पडलं, तर त्यावर त्यांनी विनोद केला, की ऐकायला थोडं कमी येतं, पण चारचौघांत कानातून तंबाखूचा धूर काढून दाखवता येतो.

मला हाल्डेन पहिल्यांदा भेटले ते कॉलेजच्या ग्रंथालयात, ‘पॉसिबल वर्ल्ड्‌स’ या 1927 च्या निबंधसंग्रहात. पुस्तकाची पाठ उसवलेली होती आणि मागच्या कागदावर तारखांचे शिक्के फारच थोडे. प्राण्याच्या योग्य आकाराविषयीचा निबंध मी उभ्या उभ्या वाचून संपवला. त्यातलं तर्कशास्त्र इतकं साधं होतं, की आपल्याला शाळेत हे कोणी का सांगितलं नाही याचा राग आला. प्राण्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली तर वजन हजारपट होतं, पण त्वचेचं नि हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच. म्हणून खोल खाणीत उंदीर पडला तर तो हादरतो आणि उठून चालू लागतो. माणूस पडला तर हाडांचा चुरा होतो, घोड्याचं तर विचारू नका. गोष्टीतला राक्षस पहिल्या पावलालाच मांडीचं हाड मोडून बसला असता.

निबंध तिथेच थांबत नाही. शेवटी हाल्डेन राज्यसंस्थांच्या आकारावर येतात. ते स्वतः समाजवादी. तरीही त्या पानावर ते म्हणतात, की अख्ख्या ब्रिटिश साम्राज्याचा किंवा अमेरिकेचा कारभार पूर्णपणे समाजवादी पद्धतीने चालेल अशी कल्पना त्यांना करवत नाही. हत्तीने कोलांट्या उड्या मारण्यासारखं ते होईल. हे वाक्य 1926 चं. ते मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण तेव्हाचे हाल्डेन स्वतःच्या मताला काट्यावर घालून पाहत होते.

मनुष्यस्वभावाविषयी त्यांना भ्रम नव्हते, आणि ते स्वतःपासूनच सुरुवात करत. पहिल्या महायुद्धात ते ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी होते. हाताने केलेले बॉम्ब शत्रूच्या खंदकात टाकायचं काम. आपल्याला युद्धात मजा आली, माणसं मारण्यात आनंद वाटला, हे त्यांनी नंतर उघड लिहिलं. फुशारकी म्हणून नव्हे आणि पश्चात्तापाच्या सुरातही नव्हे. आपल्या आत आदिमानवाचा एक अवशेष सापडला, इतक्याच तटस्थपणे. युद्धातून परतलेल्यांच्या आठवणी आपण ऐकतो तेव्हा कर्तव्य, बलिदान असे शब्द असतात. मला मजा आली, असं म्हणणारा क्वचितच. अशा माणसाची भीती वाटते, पण त्याच्यावर विश्वासही बसतो.

1923 च्या फेब्रुवारीत केंब्रिजमध्ये त्यांनी एक व्याख्यान दिलं. पुढच्या वर्षी ते ‘डीडॅलस’ या नावाने छापलं गेलं. मातेच्या उदराबाहेर गर्भ वाढवणं, कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन करून साठवणं, असं पुष्कळ त्यात आहे. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी त्याला उत्तर म्हणून ‘इकारस’ लिहिलं. रसेल यांचं म्हणणं होतं, की विज्ञानाची ताकद आधी सत्ताधाऱ्यांच्या हाती पडेल. शंभर वर्षांनंतर दोघांत खरं कोण ठरलं, तर दोघेही, आणि रसेल जरा अधिक.

‘डीडॅलस’मधलं माझं आवडतं उदाहरण दुधाचं आहे. जीवशास्त्रातला प्रत्येक नवा शोध आधी किळसवाणा वाटतो, असा हाल्डेन यांचा सिद्धांत. गायीचं दूध काढून पिणाऱ्या पहिल्या माणसाचा विचार करा, ते म्हणतात. दुसऱ्या जातीच्या प्राण्याशी इतकी शारीरिक सलगी आणि तिच्या बछड्यासाठी असलेला स्राव स्वतःच्या तोंडी! त्या काळच्या सभ्य लोकांना घेरीच आली असेल. मग काही पिढ्या जातात, किळसेची सवय होते, सवयीची रूढी होते आणि रूढीचा धर्म. उदाहरण देताना त्यांना हिंदू माणूस आठवला होताच. आज आपण दुधाचा अभिषेक करतो, आणि परीक्षानळीतल्या बाळाचं पेढे वाटून स्वागतही करतो. मधल्या काळात याच बाळावरून जगभर केवढा गदारोळ झाला होता, तो आता कोणाला आठवत नाही.

इथवरचे हाल्डेन आवडून घ्यायला सोपे आहेत. पुढचा भाग अवघड आहे, आणि त्यांचे चाहते तो घाईघाईने उरकतात.

प्रयोगशाळेत प्रयोग मांडताना देव, देवदूत किंवा सैतान मध्येच लुडबुड करणार नाही असं मी गृहीत धरतो, अशी त्यांची भूमिका होती. हे गृहीतक इतकं यशस्वी ठरत असताना प्रयोगशाळेबाहेर पडल्यावर ते टाकून देणं हा अप्रामाणिकपणा होईल, म्हणून मी नास्तिक आहे. भूमिका चोख आहे. पण देवाला दारातून बाहेर काढलं आणि पक्ष खिडकीतून आत आला. फॅसिझम चढत होता, स्पेन जळत होतं, हाल्डेन स्वतः तिथे जाऊन विषारी वायूपासून बचाव कसा करावा ते सांगून आले. त्या काळात कम्युनिस्टांखेरीज कोणी धड लढत नाही असं त्यांना वाटलं, आणि ते समजण्याजोगं आहे. 1937 पासून ते ‘डेली वर्कर’ या पक्षाच्या दैनिकात कामगारांसाठी विज्ञानावर लिहू लागले. हे शेकडो लेख आजही विज्ञानलेखकाने समोर ठेवावेत असे आहेत. 1942 मध्ये ते रीतसर पक्षाचे सभासद झाले.

आणि मग लायसेन्को प्रकरण आलं. ट्रोफिम लायसेन्को हा सोव्हिएत कृषितज्ज्ञ. बियाण्याला थंडी देऊन त्याचा स्वभाव बदलता येतो आणि बदललेला स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो, असा त्याचा दावा. मेंडेलची जनुकं म्हणजे भांडवलशाही थोतांड. स्टालिनचा हात डोक्यावर असल्यामुळे पुराव्याची अडचण नव्हती. 1948 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतल्या कृषी अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्कोचं मत हेच अधिकृत विज्ञान ठरलं. आनुवंशशास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या, प्रयोगशाळा बंद पडल्या. त्याआधीच निकोलाय वाविलोव तुरुंगात मेले होते. जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह करणारा हा माणूस 1943 च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात हालहाल होऊन गेला. हाल्डेन 1928 मध्ये रशियाला गेले होते ते वाविलोव यांच्याच निमंत्रणावरून.

नोव्हेंबर 1948 मध्ये बीबीसीने चार ब्रिटिश शास्त्रज्ञांना लायसेन्कोवर बोलायला बोलावलं. डार्लिंग्टन, हार्लंड आणि फिशर यांनी त्याला सोलून काढलं. चौथे हाल्डेन. ज्यांनी आनुवंशिकतेचं गणित बांधलं, त्यांना लायसेन्कोच्या दाव्यात किती दम आहे हे सांगायला पाच मिनिटं लागली नसती. पण ते म्हणाले, सगळा पुरावा हाती येऊ द्या, लायसेन्कोच्या काही गोष्टी बरोबर आहेत, काहींशी मी सहमत नाही. गुळमुळीत. बोटचेपं. हाल्डेन यांच्या तोंडी शोभत नाही असं. दोनएक वर्षांत ते पक्षापासून दूर झाले, तेही आवाज न करता.

यात धैर्याची उणीव होती असं म्हणता येत नाही. 1925 मध्ये एका विवाहित स्त्रीच्या घटस्फोटात त्यांचं नाव आलं, म्हणून केंब्रिजने त्यांना काढून टाकलं होतं. ते झगडले आणि नोकरी परत मिळवली. विद्यापीठाला, नौदलाला, सरकारला, चर्चला ते कधी घाबरले नाहीत. शत्रूसमोर बोलायला त्यांची जीभ अडखळली नाही. ती अडखळली मित्रांसमोर. मला वाटतं, कोड्याचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. स्वातंत्र्यावर बाहेरून घाला येतो तेव्हा तो दिसतो, आणि चांगला माणूस त्याच्याशी भांडतो. पण आपलीच माणसं, ज्यांच्याबरोबर बॉम्बहल्ल्यात दिवस काढले, ती चुकत असताना त्यांना तसं सांगायचं म्हणजे स्वतःच्या आयुष्याची वीस वर्षं प्रयोगाच्या टेबलावर ठेवायची. अमोनियम क्लोराइड परवडलं. आज आपल्या आसपास जी हुशार, पदवीधर, विज्ञान शिकलेली माणसं आपापल्या गोटाच्या चुकांवर मौन पाळून दुसऱ्याच्या चुका मोजत बसतात, त्यांना मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही ते यामुळेच. हाल्डेनही मूर्ख नव्हते.

1957 मध्ये हाल्डेन आणि त्यांच्या पत्नी, जीवशास्त्रज्ञ हेलन स्पर्वे, कायमचे भारतात आले. पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यावर ते इथे राहून गेले होते, आणि इंग्रजांचं राज्य असेपर्यंत इथल्या माणसांशी बरोबरीच्या नात्याने वागता येत नाही हे त्यांना तेव्हाच खटकलं होतं. आता 1956 मध्ये ब्रिटनने इजिप्तमधल्या सुएझवर हल्ला केला, आणि असल्या देशात राहायचं नाही असं त्यांनी जाहीर केलं. दुसरं कारणही ते गमतीने सांगत, साठ वर्षं मोजे घातले, आता पुरे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. अंगात कुडता, पायात चपला, जेवण शाकाहारी.

इथे आल्यावर त्यांनी काय केलं, याकडे पाश्चात्त्य चरित्रकारांचं लक्ष कमी असतं. म्हातारपणीचा छंद अशा थाटात ते उल्लेख करतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. हाल्डेन यांचं म्हणणं असं होतं, की गरीब देशात विज्ञान करायला महागडी यंत्रं लागतात हा गैरसमज आहे. डार्विनकडे काय होतं? डोळे, चिकाटी आणि अंगण. आणि प्राण्यांना चिरण्या-मारण्यावाचून करता येईल असं पुष्कळ विज्ञान या देशात पडून आहे. माणूस आणि प्राणी यांच्यात इथल्या परंपरेने कधी पोलादी भिंत घातली नाही. त्यामुळे डार्विनने युरोपला जो धक्का दिला तो इथे बसायचं कारणच नव्हतं, हेही त्यांनी लिहिलं आहे. (आपले काही लोक अलीकडे तो धक्का मुद्दाम बसवून घेतात, ते सोडा.)

त्यांच्या हाताखालच्या मुलांनी काय पाहिलं ते ऐका. डेव्हिस यांनी नारळाची झाडं पाहिली. माडाच्या झावळ्या खोडाभोवती मळसूत्राने येतात, काही झाडांत डावीकडून, काहींत उजवीकडून. हे पिढीजात नसतं, पण डाव्या वळणाच्या झाडांना नारळ थोडे जास्त लागतात असं त्यांना आढळलं. कोकणातल्या, गोव्यातल्या किती बागायतदारांनी आपल्या माडांचं वळण पाहिलंय, कुणास ठाऊक. द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या झुडपापाशी उभं राहून कोणतं फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर बसतं ते टिपलं. ज्या घाणेरीला आपण तण म्हणून उपटतो, तिच्यावर. जयकर आणि हेलन स्पर्वे यांनी माळटिटवीच्या घरट्यावर पाळत ठेवली. नर किती वेळ अंड्यांवर बसतो, मादी किती वेळ, भर उन्हाळ्यात अंडी भाजून का निघत नाहीत. ते निबंध मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आले. आणि रॉय यांनी पारिजातकाच्या पाकळ्या मोजल्या.

पाकळ्या मोजणं हे ऐकायला रिकामटेकड्याचं काम वाटतं. पण त्यात मोठी गोम आहे. एकाच झाडावरच्या सगळ्या फुलांची जनुकं एक. माती एक, पाऊस एक. तरी एका फुलाला पाच पाकळ्या, शेजारच्याला सहा, पलीकडच्याला सात. मग हा फरक येतो कुठून? आनुवंशिकता आणि परिस्थिती या दोनच खात्यांत सगळं बसवायची आपली सवय आहे. यातलं बरंच त्या दोन्हींत बसत नाही. जिवंत वस्तू घडताना तिच्या घडणीतच थोडं सैल काहीतरी असतं. झाड स्वतःला किती काटेकोरपणे आवरू शकतं, हे त्या मोजणीतून कळतं. जुळी भावंडं वाढवलेल्या आईला हे सांगावं लागणार नाही.

मी तालुक्याच्या गावी वनस्पतीशास्त्र शिकवायचो. आमच्या विभागात एक पोलादी कपाट होतं. त्यात अनुदानातून आलेली दोन उपकरणं प्लॅस्टिकच्या आवरणात होती. ती डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेली, त्यामुळे मोडली तर भरून कोण देणार या धास्तीने कोणी बाहेर काढत नसे. वर्षातून एकदा तपासणी समिती यायची तेव्हा त्यांच्यावरची धूळ झटकली जाई. मुलं जर्नलमध्ये आकृत्या काढत, त्याही गेल्या वर्षीच्या जर्नलवरून, आणि आम्ही त्यावर सह्या करत असू. विज्ञान शिकवणं म्हणजे साधारण एवढंच.

एका सप्टेंबरात मी मुलांना सकाळी लवकर बोलावलं. इमारतीच्या मागे पारिजातक होता, खाली सडा पडलेला. दव होतं. फुलं उचलून देठाची केशरी नळी चिमटीत धरायची, पाकळ्या मोजायच्या, रकान्यात रेघ मारायची, फूल वर्तमानपत्रावर ठेवायचं. पाकळ्या गिरकी घेतल्यासारख्या एका अंगाला वळलेल्या असतात, टोकाला खाच असते, त्यामुळे दोन पाकळ्या एक वाटतात किंवा एक दोन. घाईने मोजलं की चूक ठरलेली. पंधरा-वीस मिनिटांत अर्धी मुलं कंटाळली. एकाने विचारलं, “सर, हे परीक्षेला आहे का?” नाही म्हटल्यावर तो उठून गेला, आणि त्याला दोष देता येत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी परडी घेऊन येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मोजून झालेली इकडं टाका सर, देवाला उशीर होतोय.” मोजून झालेली फुलं त्यांच्या परडीत गेली. नास्तिक हाल्डेन यांची त्याला हरकत नसती.

मागे राहिलेल्यांतली एक मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आज आठ पाकळ्यांचं एकही नाही, काल घरच्या झाडाखाली होतं. आणि लगेच पुढे, की झाड म्हातारं झालं की पाकळ्या बदलतात का, पहिल्या पावसानंतर आणि शेवटी शेवटी सारख्याच असतात का. मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. मी इतकंच म्हणालो, की दर आठवड्याला मोजत राहिलीस तर तुला कळेल. त्या सत्रात शिकवल्यासारखं वाटलं ते तेवढंच.

इथलं सगळंच हाल्डेन यांच्या मनासारखं झालं असं नाही. भारतीय शास्त्रज्ञांना हाताने काम करायची लाज वाटते, ते साहेबाच्या खोलीबाहेर ताटकळतात आणि वरिष्ठांच्या चुका दाखवत नाहीत, हे त्यांनी वर्तमानपत्रांतून खरमरीत लिहिलं. 1961 च्या सुरुवातीला दोन अमेरिकन विद्यार्थी त्यांच्याकडे जेवायला यायचे होते, अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते रद्द केलं, तर निषेध म्हणून म्हातारबुवा उपोषणाला बसले. महालनोबिस यांच्याशी खटके उडत होतेच. त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. मग सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्यांच्यासाठी संशोधन विभाग काढायचं ठरवलं, पण तिथल्या फायलींचा वेग पाहून त्यांनी त्या आद्याक्षरांचा नवा अर्थ लावला, स्वतंत्र संशोधन दडपणारी परिषद. शेवटी ओरिसाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांनी त्यांना भुवनेश्वरला बोलावलं, आणि अखेरची दोनएक वर्षं ते तिथे राहिले.

त्या काळात एका अमेरिकन लेखकाने त्यांना विश्वनागरिक म्हटलं. हाल्डेन यांनी त्याला जे कळवलं ते शाळेच्या नागरिकशास्त्रात घालायला हवं. सरकारला उपद्रव देणं हे नागरिकाचं मोठं कर्तव्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जगाचं एक सरकार नाही, त्यामुळे विश्वनागरिक म्हणून त्यांना उपद्रव देता येत नाही. भारत सरकारला मात्र देता येतो, आणि ते तो देतात. ते सरकार टीका करू देतं, फक्त तिचा परिणाम व्हायला वेळ लागतो. शिवाय युरोप, अमेरिका, रशिया, चीन यांच्यापेक्षा भारतात विविधता अधिक आहे, म्हणून उद्याच्या जगाचा नमुना म्हणून तोच बरा. तो कदाचित फुटेलही, पण प्रयोग म्हणून विलक्षण आहे. तेव्हा मला भारताचा नागरिक म्हणा.

देशाला प्रयोग म्हणणारा माणूस त्याच्यावर डोळे मिटून प्रेम करत नाही. प्रयोग फसू शकतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो रोज नोंदी ठेवतो. सोव्हिएत रशियाविषयी हाल्डेन यांना हे साधलं नव्हतं. भारताविषयी साधलं. वय झाल्यामुळे असेल, किंवा एकदा हात पोळल्यामुळे.

1963 मध्ये त्यांना मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग झाल्याचं निष्पन्न झालं. लंडनच्या इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर त्यांनी या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाजून दुखणं लपवू नये, वेळेत डॉक्टरकडे जावं, एवढाच तिचा हेतू. काही वाचकांना ती फार झोंबली. 1 डिसेंबर 1964 ला ते भुवनेश्वरमध्ये वारले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला दिला गेला. ज्या शरीराने इतकं शिकवलं ते विद्यार्थ्यांच्या टेबलावर गेलं, हे त्यांच्या हिशेबात बसणारंच होतं.

जाण्याआधी त्यांनी बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेख स्वतःच बोलून ठेवला होता. सुरुवात बढाईने केली. माझ्याकडे सत्ता कणभरही नाही, तरी आज जिवंत असलेल्यांत फार प्रभाव पाडलेल्यांपैकी मी एक आहे. पुरावा म्हणून सांगितलं, की माणसातलं एखादं जनुक किती वेगाने बदलतं याचा अंदाज पहिल्यांदा मी बांधला. मग लायसेन्कोचा विषय निघाला. तो उत्तम जीवशास्त्रज्ञ आहे आणि त्याच्या काही कल्पना बरोबर आहेत, हे पालुपद तेव्हाही सुटलं नाही. पण स्टालिनच्या राज्यात त्याला जे अधिकार मिळाले आणि त्याने ते वापरून चांगलं काम दडपलं, ते सोव्हिएत शेतीच्या आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने फार दुर्दैवाचं झालं, असंही ते म्हणाले. बीबीसीच्याच ध्वनिक्षेपकासमोर 1948 मध्ये जे म्हणायचं होतं, त्यातलं हे निम्मं. त्याला सोळा वर्षं लागली, आणि तोवर वाविलोव यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती.